एक साथ नमस्ते

मित्रांनो, बोलायच्या आधी ज्याच्या डोक्यावर टिचक्या मारतात, ज्याच्या तोंडावर फू फू करतात आणि "हॅलो, हॅलो, मागं आवाज येतोय का?" असं विचारतात, तो मी. एक जुना माईक. तोही वायरीचा. हल्ली स्टेजभर हातात घेऊन नाचवतात तो बिनवायरीचा माईक माझा धाकटा भाऊबंद. माझं तसं नाही. मला वीस हात लांब शेपटी आहे, आणि तिचं दुसरं टोक मशीनला जोडल्याशिवाय माझ्या तोंडून चकार शब्द निघत नाही.

माझ्यासारख्यानं आपली कहाणी छाती फुगवून सांगायची असते. मीही बरीच वर्षं तशीच सांगत आलो. पण आज सांगणार आहे त्यात छाती फुगवण्यासारखं फार थोडं आहे. मला लाज वाटते, मित्रांनो. ती लपवून गोष्ट सुरू केली असती तर तुम्ही मला भला माईक समजला असता, आणि मग शेवटी मला दुप्पट लाज वाटली असती.

कारखाना कुठला होता ते मला नीटसं आठवत नाही. एका पट्ट्यावर माझ्यासारखे शंभर जण ओळीनं पुढं सरकत होते. कुणी पोटात तारेचं वेटोळं बसवलं, कुणी त्यावर कागदापेक्षा पातळ पडदा ताणला, कुणी डोक्यावर जाळीची टोपी घट्ट फिरवली. खोक्यात बंद होऊन मी ट्रकनं लातूरला आलो आणि गंजगोलाईतल्या एका दुकानात काचेमागे बसलो. तिथं मला मडिवाळप्पांनी बघितलं.

मडिवाळप्पांचं निलंग्याला मंडप आणि साउंडचं दुकान आहे. कपाळाला विभूती, खिशात टेस्टर आणि तोंडात सुपारी. दुकानदारानं अकरा माईक काढून दाखवले. अप्पांनी एकेकाला जोडून "हॅलो" म्हटलं आणि मान हलवली. माझी पाळी आली तेव्हा ते म्हणाले, "ह्यो खणखणीत हाय बगा." तो शब्द ऐकून मी जो फुगलो तो पुढची बारा वर्षं फुगलेलाच होतो.

माझं पहिलं काम एका बारशाचं होतं. आत्यानं बाळाचं नाव बाळाच्या कानात सांगितलं आणि लगेच मला तोंडाशी धरून साऱ्या गल्लीला सांगितलं. मग लग्नं आली. किती जणांच्या मंगलाष्टका मी सुरात आणि बेसुरात म्हटल्या त्याची गणतीच नाही. "वऱ्हाडी मंडळींनी पंगतीला बसून घ्यावं", "काळ्या रंगाची एक चप्पल सापडली आहे", "जनरेटरवाल्यानं ताबडतोब मंडपामागं यावं" हे सगळं मीच बोललो. कुस्त्यांच्या फडात पैलवानांची नावं पुकारली. जयंतीला पोरीबाळींची भाषणं गावभर पोचवली. एकदा तर औरादच्या बाजारात हरवलेलं लेकरू माझ्यामुळं आईला सापडलं. तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या अप्पांसाठी, पण मी त्या माझ्याच धरल्या.

मग एका वरातीत नवरदेवाच्या घोड्यानं माझ्या वायरीवर पाय दिला. घोडं बँडच्या आवाजानं बिथरलं होतं, त्याचा काही दोष नव्हता. वायर आतून तुटली. अप्पांनी ती सोलून परत जोडली आणि वरून काळी टेप गुंडाळली. पण ते जोडकाम काही धड झालं नाही. तेव्हापासून माझी एक खोड झाली. टेपेपाशी वायरीचा एक वेढा करंगळीला घालून ती ताणून धरली की मी खणखणीत बोलतो. सैल सोडली की मुका.

ही युक्ती नेहमी बोलणाऱ्या दोघा-चौघांनाच ठाऊक होती. नवख्याला कोण सांगणार? ग्रामसभेत सरपंच अर्धा तास बोलायचे तेव्हा मी एकदाही अडखळलो नाही. मागच्या रांगेतून पंचफुलाबाई पाण्याच्या नळाचं विचारायला उठल्या, कुणीतरी मला त्यांच्या हातात दिलं, आणि मी खर्रकन मुका झालो. लोक म्हणाले, जाऊ द्या बाई, माईकच खराब आहे, नंतर बोला. पंचफुलाबाई खाली बसल्या. असं एकदा झालं असतं तर मी विसरलो असतो. पण मी मोठ्या आवाजाच्या, सवयीच्या हातात नीट वागायचो आणि लाजऱ्या हातात हमखास दगा द्यायचो. तुम्ही म्हणाल, मशीनला कुठं मन असतं, वायर ढिली होती एवढंच. मीही स्वतःची तशीच समजूत घालायचो.

ती युक्ती पक्की ठाऊक असलेल्यांपैकी एक मल्लिनाथ. अप्पांच्या दुकानाशेजारी त्याचं बी-बियाण्यांचं आणि खतांचं दुकान आहे. तिशी ओलांडलेला, गोल चेहऱ्याचा, बोलण्यात पटाईत. लग्नांत आणि सत्कारांत सूत्रसंचालन करायची त्याला हौस. त्याच्या हातात गेलो की माझं सोनं व्हायचं. तो बोलायचा आणि माणसं पोट धरून हसायची. हसू माझ्या जाळीवर येऊन आदळायचं, आणि मित्रांनो, ते मला फार आवडायचं. ही आवड नसती तर पुढचं मनाला एवढं लागलंच नसतं.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मल्लिनाथच्या शाळेच्या बॅचचा स्नेहमेळावा ठरला. हल्ली सगळीकडं असे मेळावे होतात. दहावीला एकत्र असलेली मुलं अठरा-वीस वर्षांनी मोबाईलवर एकमेकांना शोधून काढतात, ग्रुप करतात, आणि एक दिवस शाळेत जमतात. गुरुजींना शाल-श्रीफळ, मग आठवणी, मग जेवण. औराद रस्त्यावरच्या त्या गावातली जिल्हा परिषदेची शाळा सजली. अप्पांनी नवा माईक काढला होता, पण मल्लिनाथ म्हणाला, "जुन्या दोस्तांला जुनाच माईक पाहिजे, अप्पा." म्हणून मी गेलो. माझा भोंगा शाळेच्या छतावर, गावाकडं तोंड करून बांधला.

चाळीस-बेचाळीस जण आले होते. कुणी पुण्याहून, कुणी हैदराबादहून, बरेचसे इथलेच. कुणाचं टक्कल पडलेलं, कुणाचं पोट सुटलेलं, आणि पाच मिनिटांत सगळे परत "ए गेंड्या", "अरे बारक्या" करत एकमेकांच्या पाठीत धपाटे घालायला लागले. पाचवीत त्यांना शिकवणारे गुरुजी आता निवृत्त झालेले, फेटा बांधून खुर्चीत बसले होते. खरं सांगतो, बघून बरं वाटत होतं.

दुसऱ्या रांगेत कडेला एक बाई बसली होती, शेजारी सातेक वर्षांची मुलगी. तिचं नाव रत्नम्मा. औशाकडच्या एका गावात ती अंगणवाडी चालवते. ग्रुपमध्ये तिचा नंबर घेऊन सहा महिने झाले होते, पण ती कधी काही लिहायची नाही. मेळाव्याला पहिल्यांदाच आली. बायकांनी तिला मिठ्या मारल्या, विचारपूस केली. पण हाक मात्र सगळ्यांनी एकच मारली, "अगं ऊटा, तू व्हय." मल्लिनाथच्या मोबाईलमध्येही तिचा नंबर ऊटा ह्याच नावानं होता. त्याला तिचं खरं नाव ठाऊक होतं, पण ते वापरायची कधी वेळच आली नव्हती.

आठवणी सुरू झाल्या. मुलांनी हेडमास्तरांच्या सायकलची हवा कशी सोडली, पोहायला पळालेल्यांना गुरुजींनी विहिरीवरून ओल्या चड्डीत कसं आणलं, सहलीला माहूरगडावर माकडानं कुणाची शिदोरी पळवली. एकापेक्षा एक. मी खणखणीत बोलत होतो. छतावरचा भोंगा हसत होता आणि पाराजवळची माणसं तिथूनच हसत होती. शेवटी मल्लिनाथनं मला हातात घेतलं, करंगळीला वायरीचा वेढा घातला आणि म्हणाला, आता सगळ्यांत भारी आठवण. सगळे ओरडले, ऊटाची, ऊटाची.

ती आठवण अशी. पाचवीच्या वर्गात एक नवी मुलगी आली होती, सीमेपलीकडून, कर्नाटकातल्या भालकीकडच्या खेड्यातून. इथं तिचा मामा राहायचा. तिला मराठी येत नव्हतं. पंधरा दिवस ती वर्गात एक शब्द बोलली नाही. शाळेत तेव्हा शिजवलेली खिचडी नुकतीच सुरू झाली होती. एक दिवस गुरुजी फळ्याकडं तोंड करून गणित लिहीत होते आणि वर्ग पेंगत होता. तेवढ्यात ती नवी मुलगी मोठ्यानं म्हणाली, "ऊटा."

वर्गाला वाटलं, मोठे गुरुजी तपासणीला आले आणि कुणीतरी 'उठा' म्हणालं. सगळा वर्ग ताडकन उभा राहिला, हात जोडले आणि छतापर्यंत आवाज गेला, "एक साथ नमस्ते." गुरुजींच्या हातातला खडू पडला. तेही गर्रकन वळले आणि दाराकडं बघून नमस्कार करते झाले. आणि दारात कोण, तर खिचडीची बादली घेऊन उभ्या असलेल्या स्वयंपाकीण मावशी. मावशींनी बादली खाली ठेवली आणि त्यांनीही घाबरून सगळ्यांना नमस्कार केला.

हसू येतं की नाही? मलाही आलं. मल्लिनाथनं मावशींची घाबरी नक्कल केली, गुरुजींची केली, आणि गुरुजी स्वतः खुर्चीत डोळे पुसत हसत होते. तेव्हापासून त्या मुलीचं नाव ऊटा पडलं. दहावीपर्यंत पाच वर्षं ती वर्गात आली की पोरं ताडकन उभी राहायची आणि हात जोडायची. मल्लिनाथ ते सांगत होता आणि मागची मंडळी टाळ्या पिटत होती. मशीनजवळ बसलेले अप्पा हसता हसता नेहमीच्या सवयीनं माझा आवाज वाढवत होते.

मग मल्लिनाथला ते सुचलं. त्यानं मला तोंडाजवळ आणलं आणि लांबलचक हाक दिली, "ऊटाऽऽ."

चाळीसच्या चाळीस जण ताडकन उभे राहिले, खुर्चीतले गुरुजीसुद्धा. हात जोडले आणि ओरडले, "एक साथ नमस्ते." रत्नम्माच्या शेजारची ती सात वर्षांची मुलगीही उभी राहिली. तिच्या शाळेतही असंच करतात. तिनं आईकडं तोंड करून हात जोडले आणि सगळ्यांबरोबर खदखदून हसली.

रत्नम्मा तोपर्यंत हसत होती, जसं माणूस चारचौघांत हसतं तसं. मुलीकडं बघून तिचं हसू थांबलं. तिनं मुलीला खाली बसवलं, पदर सारखा केला आणि उठून सरळ स्टेजकडं आली. लोकांना वाटलं, आता ही काहीतरी गंमत सांगणार. टाळ्या पडल्या. मल्लिनाथनं मोठ्या ऐटीत मला तिच्या हातात दिलं. करंगळीचा वेढा मात्र त्यानं सोडवून घेतला आणि हातभर अंतरावर तसाच उभा राहिला.

तिनं मला दोन्ही हातांनी धरलं. हात गार होते. "नमस्कार," ती म्हणाली, तेवढं भोंग्यातून गेलं. "माझी आई," ती म्हणाली, तेही गेलं. आणि मग टेपेपाशी माझी वायर सैल पडली.

ती बोलत राहिली. तिची नजर खाली होती, आणि तिनं जन्मात पहिल्यांदा माईक धरला होता, त्यामुळं आवाज जात नाही हे तिला कळलंच नाही. तिचा शब्दन् शब्द माझ्या जाळीतून आत येत होता, माझा पडदा हलत होता, आणि तिथून दोन हात अंतरावर, टेपेपाशी, सगळं अडत होतं. भोंग्यातून नुसती घरघर. तिचं बोलणं मी तुम्हाला जसंच्या तसं सांगतो, कारण ते ऐकणारे आम्ही दोघंच होतो, मी आणि मल्लिनाथ.

"माझी आई वारली आणि पंधरा दिवसांत मामानं मला इथं आणलं. आई मला रोज हाक मारायची, ऊटक्क बा. जेवायला ये. ऊटा म्हणजे जेवण. त्या दिवशी दारात खिचडीचा वास आला आणि माझ्या तोंडातून आईचाच शब्द निघाला. तुम्ही हसलात, लेकरं होतात, त्याचं मला काही नाही. पण पाच वर्षं तुम्ही मला त्या शब्दानं हाक मारली. आता मी अंगणवाडीत रोज तीस लेकरांना जेवायला बोलावते. घरी माझ्या पोरीला बोलावते. तो शब्द माझ्या तोंडातून निघत नाही. आठवला की तुम्ही सगळे उभे राहिलेले दिसता. तेवढा एक शब्द मला परत द्या. मला तुमच्याकडून दुसरं काही नको."

मागून आवाज येत होते, "आवाज येईना", "काय म्हणलाली ती?", "जोरात बोल की गं". काही जणांनी जेवणाची ताटं कुठं लागलीत ते बघायला माना वळवल्या. अप्पा मशीन सोडून माझ्याकडं यायला निघाले, पण मधे खुर्च्या होत्या. आणि मल्लिनाथला काहीच करायचं नव्हतं, फक्त हात पुढं करून माझी वायर धरायची होती. इतकी वर्षं तो तेच करत आलाय. पहिलं वाक्य त्याच्या कानावर पडलं तेव्हा त्याचा हात निम्मा पुढं आला. मग थांबला, आणि हळूच खिशात गेला. ते मी बघितलं.

रत्नम्मानं बोलणं संपवलं आणि मला मल्लिनाथच्या हातात परत दिलं. त्यानं सवयीनं करंगळीला वेढा घातला, मी लगेच खणखणीत झालो. पुढच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, काय म्हणाली. मल्लिनाथ हसून म्हणाला, "रत्नम्मानं सगळ्यांचे आभार मानले. म्हणली, जुन्या आठवणी ऐकून पोट भरलं."

मी अडखळलो नाही, मित्रांनो. खर्रकन मुका व्हायचं मला घोड्याच्या पायापासून सुचत आलं, नेमकं तेव्हा सुचलं नाही. तिची आठ-दहा वाक्यं मी पोटात अडवली आणि त्याचं एक खोटं वाक्य पारापर्यंत पोचवलं, एक अक्षर न गाळता. टाळ्यांचा कडकडाट झाला.

रत्नम्मा दोन पायऱ्या उतरली होती. तिनं मागं वळून मल्लिनाथकडं बघितलं. तो कागदावरचं पुढचं नाव वाचत होता. तिनं मुलीचा हात धरला, चपला घातल्या आणि फाटकाकडं चालू लागली. तिकडं मांडवात पुऱ्या तळल्या जात होत्या, येसराच्या आमटीचा वास सुटला होता. कुणीतरी ओरडलं, अरे ती निघाली बघ. मल्लिनाथनं मान वर केली, आणि सगळं ऐकून झाल्यावरही त्याच्या तोंडातून काय निघालं असेल? सवय, मित्रांनो, दुसरं काही नाही.

"ए ऊटा, जेवून तर जा."

माझ्यातून, भोंग्यातून, गावभर. चाळीस जण हसले. फाटकापाशी ती थांबली नाही.

त्या दिवसानंतर अप्पांनी मला कुठल्याच कामाला नेलं नाही. वायर गुंडाळून मला खोक्यात टाकलं आणि खोकं मांडणीवर सरकवलं. पूर्वी असं टाकून दिलं असतं तर मी कुरकुर केली असती की एवढी वर्षं राबलो आणि ही किंमत. आता मला अडगळीतलं बरं वाटत होतं. तिथं कुणी बोलत नाही आणि कुणी हसत नाही.

महिनाभरानं एक दिवस दुपारी बाराच्या सुमाराला मल्लिनाथ दुकानात येऊन बसला. अप्पांनी मला त्याच दिवशी खोक्यातून काढून टेबलावर घेतलं होतं, वायर नवी घालायला. त्यानं सवयीनं माझी वायर करंगळीला गुंडाळली आणि परत सोडली. मग खालच्या आवाजात म्हणाला, "अप्पा, ऊटक्क बा म्हंजे जेवायला ये, हाव ना?"

अप्पांच्या हातातली पकड थांबली. अप्पांच्या घरात आई-वडिलांच्या वेळेपासून कानडी बोलतात. ते म्हणाले, हो, तोच अर्थ. मल्लिनाथनं विचारलं, मग त्या दिवशी मी ती आठवण सांगत होतो तेव्हाच तुम्हाला कळलं होतं का? अप्पांनी सुपारी थुंकली, तोंड पुसलं आणि म्हणाले, "कळलं होतं की. पयल्या झटक्यालाच कळलं. आन् तरी मी आवाज वाढवला." मग माझ्या वायरीकडं बघत त्यांनी सांगितलं की त्यांनी स्वतःच्या नातवंडांपुढं ती भाषा बोलायची कधीच सोडलीय. शाळेत हसतात म्हणून सुनेनंच नको म्हटलं होतं, आणि त्यांना ते पटलंही होतं.

मल्लिनाथनं मग सगळं सांगून टाकलं. ती काय बोलली, त्यानं काय ऐकलं, हात कुठं गेला. सांगताना तो आमच्या दोघांकडंही बघत नव्हता. सांगून झाल्यावर त्यानं मोबाईल काढला आणि बॅचच्या ग्रुपवर बोलून निरोप पाठवला. तिची सगळी वाक्यं त्याला पाठ होती. महिनाभर ती त्याच्या डोक्यात फिरत असणार. शेवटी म्हणाला, आभाराचं मी मनानं सांगितलं होतं, तिनं आभार मानले नव्हते. एरवी त्या ग्रुपवर एक विनोद टाकला की चाळीस हसरे चेहरे येतात. त्या दिवशी सगळ्यांनी ऐकल्याच्या निळ्या खुणा उमटल्या आणि कुणी काही लिहिलं नाही. बऱ्याच वेळानं गुरुजींचं एक वाक्य आलं, "मीही उभा राहिलो होतो."

पण रत्नम्मानं ते ऐकलं नाही. ती मेळाव्याच्या संध्याकाळीच ग्रुप सोडून गेली होती.

मग मल्लिनाथनं तिचा नंबर काढला. ऊटा हे नाव पुसलं आणि बोटानं एकेक अक्षर बघत तिथं रत्नम्मा लिहिलं. फोन लावून त्यानं तो टेबलावर माझ्याशेजारी ठेवला. आवाज मोठा केला होता, अप्पांनाही ऐकू यावं म्हणून. पलीकडं लेकरांचा गलका आणि ताटांचा खणखणाट ऐकू येत होता.

"रत्नम्मा, मल्लिनाथ बोलतोय," तो म्हणाला. "त्या दिवशी मी समदं ऐकलं होतं. माईक बंद होता, माझे कान न्हाई. आन् मी खोटं सांगितलं. माझी चूक झाली."

पलीकडं तिनं कुणाला तरी ताट सरळ धरायला सांगितलं. मग ती म्हणाली, "तू ऐकलं होतंस ते मला माहीत आहे. मी तुझ्याजवळच तर उभी होते." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं मल्लिनाथच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ती म्हणाली, "लेकरं जेवायला बसायचीत. ठेवते."

तिनं फोन ठेवला, पण तो बंद झाला नव्हता, नुसताच कुठंतरी फळीवर ठेवला होता. आम्हाला तिचा आवाज अजून येत होता. अप्पा पकड हातात धरून थांबले. मल्लिनाथ फोनवर वाकला. आता ती लेकरांना बोलावणार हे आम्हा तिघांनाही कळलं होतं, आणि कुठल्या शब्दानं बोलावते ते ऐकायला आम्ही श्वास धरून बसलो होतो. मला श्वास नसतो, तरी मीही धरला.

ती म्हणाली, "चला रे बाळांनो, जेवायला."

मग फोन कट झाला. मल्लिनाथ उठून आपल्या दुकानात गेला. अप्पांनी माझी जुनी वायर कापून टाकली आणि नवी जोडली. आता मी कुणाच्याही हातात बोलतो, हळू बोलणाऱ्याच्याही. उशीर झाला आहे, पण बोलतो.

मित्रांनो, तुमचेही मेळावे होतील. तुम्ही मोठे व्हाल, एकमेकांना शोधाल, आणि शाळेतल्या गमती सांगून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसाल. जरूर हसा. फक्त ज्याची गंमत सांगणार असाल त्याच्या हातात आधी मला द्या, आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत माझ्या वायरीकडं लक्ष ठेवा. आणि तुमच्या वर्गात आत्ता, ह्या वर्षी, कुणाला एखाद्या शब्दावरून नाव पडलं असेल, तर वीस वर्षं थांबू नका. उद्याच त्याच्याजवळ जा आणि तो शब्द त्याच्या घरी काय म्हणून वापरतात ते विचारा.